गेमिंग डेस्कटॉप: आधी पंखे बदलू की रॅम?

कळफलक

नमस्कार मंडळी. मशीनमध्ये थोडी भर घालायची आहे, म्हणून हा धागा.

मशीन असं: रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, त्यावर एका पंख्याचा टॉवर कूलर. बी५५० चिपसेटचा चार स्लॉटवाला मदरबोर्ड. आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड. डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक. कॅबिनेटला पुढे आणि बाजूला, दोन्हीकडे काच. पुढे १२० मिमीचे दोन पंखे, मागे एक. सगळं जोडूनच मिळालं होतं, आत अजून हात घातलेला नाही.

तक्रारी दोन. खेळ सुरू झाला की थोड्याच वेळात मशीन घोंघावायला लागतं, हेडफोन लावले तरी ऐकू येतं. आणि मोठ्या नकाशाच्या खेळांत फ्रेम मध्येच अडकते. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) बरा दिसतो, पण नव्या भागात शिरलं की झटका, गाडी जोरात वळवली की झटका. ग्राफिक्सची सेटिंग खाली आणून काही फरक पडत नाही.

डोक्यात असं आहे: रंगीत दिव्यांच्या सहा पंख्यांचा सेट, आणि आहेत तशाच आणखी दोन स्टिक घालून एकूण ३२ जीबी. दोन्ही एकदम करू की एक आधी? जाणकारांनी प्रकाश टाकावा. दिवे पंख्यांना आहेतच.

रात्रपाळी

सहा पंखे, ३२ जीबी. डोळे झाकून घ्या. विषय संपला.

तापमापी

डोळे झाकायच्या आधी आकडे तर बघू या.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, उघडताना फक्त सेन्सरवाला पर्याय निवडा आणि जो खेळ जास्त त्रास देतो तो अर्धा तास खेळा. मग इथे लिहा: सीपीयूचं तापमान, जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) तापमान, जीपीयूचा हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यांत गरम जागा), ग्राफिक्स कार्डच्या पंख्यांचे आरपीएम (मिनिटाला फेरे). खोलीचं तापमानही लिहा, त्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. नंतर पुढची काच काढून ठेवा आणि तोच खेळ, तेवढाच वेळ. बाजूची काच मात्र बंदच राहू द्या, नाहीतर हवेचा मार्गच बदलतो आणि तुलना फसते.

खेळ चालू असतानाच टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर जा. 'वापरात' हा आकडा सगळे बघतात, त्याच्या खालचा 'कमिटेड' (चालू प्रोग्रॅमनी मागून ठेवलेली एकूण मेमरी) कुणी बघत नाही. मला तो हवाय.

जुना_मदरबोर्ड

सीपीयू-झी या सॉफ्टवेअरच्या मेमरी पानावर काय दिसतं तेही टाका. चॅनलसमोर काय लिहिलंय आणि डीरॅम फ्रीक्वेन्सी किती. तिथला आकडा निम्मा असतो, म्हणजे ३२०० ची रॅम १६०० च्या आसपास दिसायला हवी. पाहून दचकू नका.

कळफलक

घ्या आकडे. खोली २८ अंश.

काच लावून: सीपीयू ७६, जीपीयू ८२, हॉट स्पॉट ९५, कार्डचे पंखे २१०० च्या घरात.
काच काढून: सीपीयू ७०, जीपीयू ७४, हॉट स्पॉट ८६, पंखे १६५० च्या आसपास. आणि आवाज एवढा उतरला की पहिल्यांदा वाटलं मशीन बंद पडलं.

टास्क मॅनेजर: १६ पैकी १४.१ जीबी वापरात, कमिटेड २२ च्या वर. वेग २४०० दाखवतोय.

सीपीयू-झी: १ x ६४-बिट, फ्रीक्वेन्सी ११९७. स्टिक दोन आहेत हे मी काचेतून स्वतः मोजलं, मग १ का?

मृण्मयी

त्या दोन स्टिक एकमेकींना चिकटून बसल्यात का? प्रोसेसरच्या बाजूने मोजलं तर पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये?

कळफलक

हो, शेजारी शेजारीच. का?

मृण्मयी

मग सापडलं. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून क्रम असतो ए१, ए२, बी१, बी२. पहिले दोन एकाच चॅनलचे, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवरचे. दोन्ही स्टिक ए चॅनलवर, बी चॅनल रिकामं. ज्यांनी मशीन जोडलं त्यांनी दिसायला जवळजवळ बरं म्हणून बसवल्या असतील. चालू होतं, विंडोजला १६ जीबी दिसते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

वर एक्सएमपी बंद. ३२०० हा वेग स्टिकच्या आत साठवलेल्या प्रोफाइलमध्ये असतो, तो बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावा लागतो. नाही केला तर बोर्ड सुरक्षित वेग धरतो, तुमच्याकडे २४००.

हिशेब करा. ३२०० वर दोन चॅनल म्हणजे सेकंदाला ५१.२ जीबी. तुमच्याकडे एकच चॅनल, २४०० वर: १९.२ जीबी. निम्म्याहूनही कमी. रॅम विकत घ्यायच्या आधी जी आहे ती तरी पुरती वापरा!

मशीन बंद, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जाईल. मग ए२ आणि बी२, म्हणजे दुसरा आणि चौथा. मॅन्युअलमध्येही तेच लिहिलेलं असणार. नंतर बायोसमध्ये एक्सएमपी. काही बोर्डांवर डीओसीपी म्हणतात.

रात्रपाळी

बरं, रॅमचं पटलं. पण सीपीयू ७६ म्हणजे लिक्विड कूलर पाहिजेच ना?

तापमापी

नको. ५६०० ची तापमानमर्यादा ९० अंश आहे आणि तो प्रोसेसर सगळा जोर लावूनही ७६ वॉटच्या वर जात नाही. उष्णता येते ती ३०६० टीआयमधून, तिचे २०० वॉट. लिक्विड कूलर प्रोसेसरला लावायचा आणि तापणार ग्राफिक्स कार्ड, याने काय साधणार?

आता पंख्यांचं. जरा लांबण लावतो, कारण सहा पंखे हा आकडा कुठून येतो ते मला कधीच कळलेलं नाही.

कॅबिनेटमधली हवा बाहेरच्यापेक्षा किती अंशांनी तापेल ते दोनच गोष्टींवर ठरतं: आत किती वॉट जळतात आणि मिनिटाला किती घनफूट हवा आरपार जाते. ढोबळ सूत्र: वॉटला सीएफएमने (मिनिटाला घनफूट) भागा आणि १.७६ ने गुणा. खेळताना तुमचं मशीन ३०० वॉट जाळतं असं धरू. आरपार हवा २५ सीएफएम असेल तर आत २१ अंशांची वाढ. ५० केली तर साडेदहा. १०० केली तर सव्वापाच. २०० केली तर अडीचच्या थोडं वर.

पहिल्या दुपटीत दहा अंश मिळाले, शेवटच्या दुपटीत अडीच. म्हणून गुदमरलेल्या कॅबिनेटमध्ये छोटा बदलही मोठा दिसतो, आणि मोकळ्या कॅबिनेटमध्ये तीनाचे सहा पंखे केले तर दिवे तेवढे वाढतात.

खोक्यावरचा सीएफएमचा आकडा पंख्यापुढे काहीच अडथळा नसताना मोजलेला असतो. समोर काच, बाजूला बोटभर फट, त्यात जाळी, म्हणजे तुमचे पंखे नाकाला चिमटा लावून पळतायत. काच काढल्याबरोबर पंखे तेच असून जीपीयू आठ अंशांनी उतरला, कार्डचे पंखेसुद्धा हळू फिरले. तुमचं दुखणं काचेत आहे, पंख्यांच्या संख्येत नाही.

कळफलक

म्हणजे काच काढूनच ठेवू? धूळ?

उंदीरमामा

काही कॅबिनेटना जाळीचं पुढचं पॅनल वेगळं मिळतं, तुमच्या मॉडेलचं आहे का बघा. नसेल तर काच काढून त्या जागी चुंबकाच्या कडेची बारीक जाळी लावा. काचेचा मोह सुटत नसेल तर जिथे ती स्क्रूने अडकते तिथे लांब स्टँडऑफ (आधाराचे खुंट) घालून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुढे आणा. फट रुंद झाली की बराच फरक पडतो, पण जाळीची सर नाही.

अवांतर: फिल्टर लावलात तर तो धुवायचाही असतो. धुळीने माखलेली जाळी आणि काच यांत फारसा फरक नाही.

चकवा

एक भर. वरच्या बाजूला पंख्यांची जागा असेल तर तिथे दोन बाहेर फेकणारे लावा. गरम हवा वर जाते, ती तिथूनच काढून टाकायची. साधं शाळेतलं विज्ञान.

तापमापी

शाळेतलं विज्ञान बरोबर आहे, पण कॅबिनेटमध्ये त्याला फारशी किंमत नाही. गरम हवा आपली आपण वर चढते तो जोर एका संथ पंख्यापुढेही टिकत नाही. हवा पंखे ढकलतील तिकडे जाते.

वरच्या दोन जागांपैकी मागची, प्रोसेसरच्या डोक्यावरची, चांगली. पुढच्या जागेवर बाहेर फेकणारा लावला तर पुढून नुकतीच आलेली गार हवा तो कूलरपर्यंत पोचायच्या आधीच उचलून बाहेर टाकतो. तिथे लावूच नये. लावून बघायचं असेल तर आधी आणि नंतरचे आकडे इथे टाका.

चकवा

माझ्याकडे दोन्ही आहेत आणि प्रोसेसर ६५ च्या वर जात नाही. असो.

तापमापी

पुढचा काढून बघा की. तेवढंच राहील किंवा एखादा अंश कमी होईल. पैज नाही, कुतूहल आहे.

कळफलक

रॅमचं काम केलं. ते लिहितो, कारण एक गोष्ट अनपेक्षित निघाली.

स्लॉटच्या एकाच टोकाला खटका आहे, दुसरं टोक घट्ट. खटका उघडल्यावर पहिली स्टिक निघेना. टॉवर कूलरचा पंखा तिच्या डोक्यावर आडवा. पंखा धरून ठेवणाऱ्या तारेच्या क्लिपा सोडल्या तेव्हा कळलं की स्टिकच्या उंच पत्र्याला अडू नये म्हणून तो पंखा चांगला दोन बोटं वर सरकवून लावला होता. म्हणजे कूलरच्या खालच्या फिनांना वारा लागतच नव्हता. स्टिक ए२ आणि बी२ मध्ये गेल्या, पंखा खाली मूळ जागी आला. सीपीयू ७६ वरून ७२ वर, पुढची काच लावलेली असतानाच.

एक्सएमपी लावलं. सीपीयू-झी आता २ x ६४-बिट आणि १५९९ दाखवतंय. ज्या खेळात सरासरी ८८ एफपीएस होते तिथे १०२ आले. पण खरी गंमत खालच्या एक टक्का (सगळ्यांत मंद) फ्रेममध्ये आहे: ४६ होत्या, ६७ झाल्या. गाडी वळवताना बसणारा झटका गेला. नवीन भागात शिरताना मात्र अजून अडकतं.

आणि हे सगळं काहीही विकत न घेता!

रात्रपाळी

_/\_

मृण्मयी

छान! पंख्याचं ऐकून मजा वाटली. उंच पत्र्याच्या स्टिक काचेतून शोभतात, बाकी उपयोग बेताचा. डीडीआर४ नेहमीच्या व्होल्टेजवर फार तापत नाही.

अडकणं उरलंय त्याचं कारण तुमच्याच आकड्यांत आहे. कमिटेड २२, रॅम १६. रॅममध्ये न मावणारं विंडोज पेजफाइलवर (एसएसडीवरच्या राखीव फाइलवर) ढकलतं, नवीन भाग लोड होताना ते परत ओढून आणावं लागतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या तुलनेत फार मंद. इथे ३२ जीबी लागणारच.

कळफलक

मग तशाच दोन स्टिक अजून घेऊ ना? दोन स्लॉट रिकामेच आहेत.

जुना_मदरबोर्ड

थांबा मालक, या प्रश्नावर माझं नाव आधीच लिहिलेलं आहे.

'तशाच' म्हणजे काय? खोक्यावर नाव तेच, क्रमांक तोच, तरी आतल्या चिपा वेगळ्या असू शकतात. सॅमसंग, मायक्रॉन, हायनिक्स यांच्या चिपा कंपन्या पुरवठ्याप्रमाणे बदलत राहतात आणि खोक्यावर लिहित नाहीत. एक्सएमपीमध्ये मुख्य टायमिंग (रॅमला प्रतिसादाला लागणारा वेळ) ठरलेलं असतं, दुय्यम टायमिंगपैकी बरंचसं बोर्ड स्वतः ठरवतो. दोन वेगळ्या जोड्या एकत्र आल्या की दोघींना चालेल असं काहीतरी त्याला शोधावं लागतं. कधी सापडतं. कधी मशीन चालू होतं आणि खेळ आठवड्यातून एकदा आपणहून बंद पडतो. असल्या दुखण्याचा माग काढणं फार चिकट काम आहे.

बोर्डाची वायरिंगही बघा. हल्लीच्या बहुतेक बोर्डांत रॅमच्या रेषा आधी एका स्लॉटला आणि तिथून पुढच्याला जातात, डेझी चेन. दोन स्टिक असतील तेव्हा अशा बोर्डावर रॅम सर्वांत सुखी, चार झाल्या की प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवर भार वाढतो. डीडीआर४ ३२०० ला बहुतेक वेळा चार चालतात, हेही खरं. पण एकाच खोक्यातून आलेली १६-१६ ची जोडी घ्या आणि झोपा सुखाने.

वेग: ३२०० सीएल१६ किंवा ३६०० सीएल१८ (सीएल म्हणजे मुख्य टायमिंगचा पहिला आकडा). सीएलला २००० ने गुणून वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतात. दोन्हीत दहाच. ३६०० ला बँडविड्थ जास्त, आणि ५६०० त्याच्या इन्फिनिटी फॅब्रिकला (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीला) १८०० वर रॅमशी एकास एक चालवू शकतो, म्हणून मी ३६०० घेईन. ३२०० सीएल२२ दिसली तर सोडून द्या, तिथे पावणेचौदा नॅनोसेकंद पडतात.

चकवा

चार सिंगल रँक (चिपांचा एकच गट असलेल्या) स्टिकनी रायझेनवर थोडे एफपीएस वाढतात, हेही सांगा की.

जुना_मदरबोर्ड

वाढतात. दर चॅनलला दोन रँक मिळतात, एकीत रिफ्रेश (साठवलेली माहिती पुसू नये म्हणून ती पुन्हा भरणं) चालू असताना दुसरीतून वाचता येतं. पण १६ ची स्टिक ड्युअल रँक मिळाली तर तोच फायदा दोन स्टिकमध्ये मिळतो. आणि वाढ किती? मोजायला लागते इतकी.

नवखा_गेमर

धागा पळवत नाही, पण एक विचारतो. माझं रायझेन ७०००, डीडीआर५. १६-१६ च्या दोन आहेत, अजून दोन घालू?

मृण्मयी

तुमच्याकडे उत्तर आणखी ठाम 'नाही' आहे. एएमडीने रायझेन ७००० साठी दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकना ५२००, चार स्टिकना ३६००. एक्सपो (एएमडीचं एक्सएमपीसारखं प्रोफाइल) लावून दोन स्टिक ६००० वर आरामात चालतात, तिथे चार घातल्या की बऱ्याच मशीनना ते झेपत नाही. ६४ हवी असेल तर ३२-३२. ३२ पुरत नाही पण ६४ जास्त वाटते अशांसाठी २४-२४ च्याही जोड्या मिळतात.

दोन सूचना अजून. नवीन डीडीआर५ घातल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो. घाबरून बटण दाबू नका, ते परत पहिल्यापासून सुरू होतं. आणि ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिक टाळा: त्यांत १६ बिटांच्या चारच चिपा असतात, बँक ग्रुप (चिपेतले एकाच वेळी काम करू शकणारे भाग) निम्मे, खेळात ते जाणवतं.

डीडीआर५ ला हवेचीही फिकीर लागते, या धाग्याशी संबंध तिथे आहे. व्होल्टेज सांभाळणारी चिप आता स्टिकवरच बसते, ती तापते. ८५ अंशांच्या वर गेलं तर रॅमला दुप्पट वेळा रिफ्रेश करावं लागतं. कुणी हाताने रिफ्रेशचा काळ ताणून ठेवला असेल तर त्याच्या कितीतरी आधीच चुका व्हायला लागतात. ग्राफिक्स कार्डची गरम हवा नेमकी रॅमच्या अंगावर जाते. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्टमध्ये (रॅमच्या चाचणीत) कार्ड थंड असतं, सगळं पास होतं, आणि खेळ अर्ध्या तासाने कोसळतो. म्हणून दुसरी चाचणी विंडोजमध्ये घ्यायची, बाजूला जीपीयूला कामाला लावून.

नवखा_गेमर

बाप रे. वाखु (वाचनखूण) साठवली. धन्यवाद ताई.

उंदीरमामा

कळफलकराव, पंखे घेताना दोन-तीन गोष्टी, नंतर हळहळण्यापेक्षा आधीच.

१४० मिमीची जागा असेल तर १४० घ्या. क्षेत्रफळ १२० पेक्षा ३६ टक्के जास्त, तेवढीच हवा कमी आरपीएमवर मिळते. पण भोकं मोजा: १२० च्या पंख्यात दोन भोकांमध्ये १०५ मिमी असतात, १४० मध्ये १२४.५ मिमी. समोर जाळी किंवा फिल्टर राहणार, म्हणून स्थिर दाब (अडथळ्यातून हवा ढकलायची ताकद) बरा असलेला पंखा बघा, नुसता सीएफएम नको.

चार पिनचा, पीडब्ल्यूएमवाला घ्या. तीन पिनचा पंखा चार पिनच्या हेडरला बसतो, पण बायोसमध्ये त्या हेडरला डीसी मोड द्यावा लागतो, नाहीतर तो कायम पूर्ण वेगात पळतो. एका हेडरवरून सहसा १ अँपियर घ्यायची मुभा असते. पंख्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर अँपियर लिहिलेले असतात, बेरीज करा आणि मग वाय केबल लावा.

दिव्यांबद्दल एकच. तीन पिनांचा, मध्ये एक पिन गाळलेला कनेक्टर म्हणजे ५ व्होल्टचा एआरजीबी. चार पिनांचा म्हणजे १२ व्होल्टचा आरजीबी. ५ व्होल्टवाला १२ वर जोर करून घातलात तर दिवे गेले.

हवेची दिशा: ज्या बाजूला फ्रेमच्या आडव्या काड्या आणि स्टिकर, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

कळफलक

झालं काम. १६-१६ ची ३६०० सीएल१८, कमी उंचीच्या पत्र्याची. पुढे १४० चे दोन, बिनदिव्यांचे (हो, मन घट्ट केलं). काचेच्या जागी जाळी. जुन्या पुढच्या पंख्यांपैकी एक वर, मागच्या जागेवर, बाहेर फेकणारा. दुसरा खोक्यात.

जुने दोन पंखे पुढच्या बाजूला वरच्या दोन जागांवर होते, खालची जागा रिकामी. म्हणजे ग्राफिक्स कार्डच्या समोर पंखाच नव्हता! १४० चे आता बरोबर मधे आणि खाली येतात, खालचा थेट कार्डच्या पोटाखाली वारा सोडतो.

पंख्याबरोबर आलेले स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात, त्यामुळे पहिले काही फेरे जोर लागतो आणि स्क्रूड्रायव्हर घसरतो. तिरका गेला की भोक फाटतं. रबरी पिना आल्या होत्या, शेवटी त्याच ओढून बसवल्या.

रॅमसाठी पहिल्यांदा चालू केलं तर पडदा काळा, पंखे फिरले, बंद झाले, परत फिरले. मृण्मयीताईंचं वाक्य आठवून हात बांधून बसलो. पडदा आला तेव्हा वेग २६६६. एक्सएमपी लावल्यावर पडद्याचा परत तोच प्रकार, मग ३६००.

रात्रपाळी

आणि नाहीच आला पडदा तर?

जुना_मदरबोर्ड

आधी स्टिक काढून परत दाबा. निम्म्या तक्रारी अर्धवट बसलेल्या स्टिकच्या असतात. घट्ट टोकाकडून खटक्याचा आवाज येत नाही, तिथे डोळ्याने बघावं लागतं. मग एकच स्टिक ए२ मध्ये. तरीही नाही, तर वायर काढून बोर्डावरच्या सीमॉसच्या (बायोसच्या सेटिंग पुसायच्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने टेकवा किंवा गोल सेल काढा. सगळ्या सेटिंग मूळ जागी येतात, एक्सएमपी परत लावावं लागतं.

कळफलक

एक उपद्रव उरलाय. ब्राउझर उघडला, काही क्लिक केलं की पंखे एकदम वर चढतात आणि लगेच उतरतात. खेळताना शांत, काम करताना चिडचिड.

तापमापी

कॅबिनेटचे पंखे बायोसमध्ये सीपीयूच्या तापमानाला बांधलेत म्हणून. रायझेनचं तापमान एका क्लिकवर दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि सेकंदात परत येतं, त्यामागे कॅबिनेटच्या पंख्यांनी धावायचं कारण नाही. बायोसमध्ये स्टेप-अप किंवा स्मूदिंगसारखं नाव असलेला वेळ वाढवा, एवढ्यानेही बरंच शांत होईल.

जास्त चांगला उपाय: कॅबिनेटच्या पंख्यांना जीपीयूचं तापमान दाखवा, कारण उष्णता तिथून येते. बऱ्याच बोर्डांच्या बायोसला जीपीयू दिसतच नाही, म्हणून विंडोजमधलं 'फॅन कंट्रोल' हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात दोन कर्व्ह (कोणत्या तापमानाला किती वेग ते सांगणाऱ्या रेषा) करायच्या, एक सीपीयूची, एक जीपीयूची, आणि 'मॅक्स'ची मिक्स करायची, म्हणजे दोघांत जी जास्त मागेल तिचं ऐकलं जातं. पन्नास अंशांपर्यंत पंखे सपाट रेषेत ठेवा, ६०० च्या आसपास. वरचं टोक १००० ते ११०० ला बांधा. त्याच्या वर जाऊन हाती फारसं काही लागत नाही.

वेग दुप्पट केला की हवा दुप्पट होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. तोच पंखा आहे त्याच वेगात ठेवून शेजारी दुसरा लावला तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. म्हणून हळू फिरणारे दोन मोठे पंखे जोरात पळणाऱ्या एका लहानापेक्षा केव्हाही बरे. एखाद्या ठरावीक आरपीएमवर गुणगुण ऐकू आली तर कर्व्हमध्ये तेवढा पट्टा ओलांडून जा.

कळफलक

जमलं. खोली पुन्हा २८ असताना: सीपीयू ६७, जीपीयू ७०, हॉट स्पॉट ८२, कार्डचे पंखे १४०० च्या आसपास, कॅबिनेटचे ९००. काच लावल्यावर ८२ होता तो जीपीयू हाच. कार्डच्या चिपचे क्लॉकही (चालायचा वेग) थोडे वर राहतात, एचडब्ल्यूइन्फोत दिसलं.

तापमापी

राहणारच. एनव्हिडियाचा बूस्ट तापमान चढेल तसा पंधरा-पंधरा मेगाहर्ट्‌झने खाली येतो. फ्रेममध्ये ते फार दिसणार नाही, पण मिळतंय ते घ्या.

मृण्मयी

मेमटेस्ट केलीत का? आणि जीपीयू तापवून दुसरी?

कळफलक

दोन्ही. पेन ड्राइव्हवरची रात्रभर लावली, चूक शून्य. मग विंडोजमध्ये बाजूला बेंचमार्क चालवून, तीही स्वच्छ. कमिटेड आता २३ जातो पण तो ३२ च्या आत बसतो, नवीन भागात शिरताना अडकणं गेलं. एका खेळात अजून थोडं होतं, पण ते सगळ्यांकडेच होतं म्हणे, शेडर (ग्राफिक्स कार्डसाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असताना.

शेवटचा प्रश्न. जुन्या ८-८ च्या स्टिक पडून आहेत. रिकाम्या स्लॉटमध्ये घातल्या तर ४८ होतील. घालू का?

जुना_मदरबोर्ड

अहो, एवढा धागा झाल्यावर? ३६०० ची जोडी ३२०० वर किंवा त्याच्याही खाली येईल आणि टायमिंग सैल होईल. कमिटेड २३ असताना ४८ कशाला हवेत? दुसऱ्या मशीनला द्या. नसेल तर ज्या खोक्यातून नवीन आल्या त्यातच ठेवा, उद्या एखादी स्टिक गेली तर तपासायला कामी येतील.

चकवा

तापमापी, वरचा पुढचा पंखा काढून बघितला. प्रोसेसर ६४.

तापमापी

:)